शर्यतीच्या वेळांवरून धावपट्टीच्या जमिनीचे अनुमान
(पुण्याच्या पावसाळी हंगामाच्या अनुषंगाने)

१. प्रश्नाचे स्वरूप

घोड्यांच्या शर्यतीत घड्याळाने नोंदलेली वेळ ही वरवर पाहता घोड्याच्या वेगाची नोंद होय. परंतु तोच घोडा, तेच अंतर आणि तोच जॉकी असूनही एका रविवारची वेळ दुसऱ्या रविवारच्या वेळेहून दोन-तीन सेकंदांनी निराळी असू शकते. या फरकाचा मोठा भाग घोड्यामुळे नसून त्याच्या टापांखालील जमिनीमुळे पडलेला असतो. मग प्रश्न असा उद्भवतो की, दिवसभरातील सात-आठ शर्यतींच्या वेळा हाती असता त्यांवरून त्या दिवशीची जमीन कोणत्या स्थितीत होती, हे सांगता येईल काय? आणि येत असल्यास ते विधान कितपत विश्वसनीय मानावे?

हा प्रश्न केवळ शर्यतीच्या शौकिनांचा आहे, असा समज होण्याचा संभव आहे. पण तो बरोबर नाही. घोड्याला पुढील शर्यतीत किती वजन द्यावयाचे, हे त्याच्या आधीच्या कामगिरीच्या मूल्यमापनावर ठरते. कोणत्या घोडीला व कोणत्या घोड्याला पैदाशीसाठी राखावयाचे, हा निर्णयही पुष्कळसा याच मूल्यमापनावर अवलंबून असतो. याहून महत्त्वाची बाब सुरक्षिततेची. अतिकठीण जमिनीवर घोड्याच्या पायाच्या हाडांवर येणारा आघात वाढतो, तर अतिओल्या जमिनीवर वळणाशी पाय घसरून घोडा व स्वार दोघेही कोसळण्याचा धोका असतो. म्हणून जमिनीविषयीचे अनुमान चुकले, तर त्याची किंमत जिवंत प्राण्याला आणि त्याच्या स्वाराला मोजावी लागते. संख्याशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र या प्रश्नात आणखी एक आकर्षण आहे. एकाच मोजमापात मिसळून गेलेली दोन अज्ञाते वेगळी कशी करावीत, आणि ती केव्हा वेगळी होऊच शकत नाहीत, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरीकडे क्वचितच सापडेल.

२. जमिनीची स्थिती म्हणजे काय?

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागात, नीरा नदीच्या खोऱ्यात, वालचंद हिराचंद यांनी १९३० नंतरच्या दशकात उभारलेले वालचंदनगर आहे. तेथील आणि एकूणच इंदापूर-बारामतीकडील उसाच्या काळ्या जमिनीत काम करणारा शेतकरी जमिनीच्या स्थितीसाठी एक नेमका शब्द वापरतो. तो शब्द म्हणजे ‘वाफसा’. पाऊस पडून गेल्यावर किंवा पाटाचे पाणी दिल्यावर जमीन लगेच कामाची राहत नाही. औत घातले तर चिखल होतो. अधिक वाळू दिली तर ढेकळे निघतात. या दोन अवस्थांच्या मधली, ओल आणि हवा यांचा मेळ बसलेली अवस्था म्हणजे वाफसा. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि तो खाली टाकावा. गोळा झालाच नाही तर जमीन कोरडी, गोळा न फुटता चपटला तर ओली, आणि पडताच भुगा होऊन विखुरला तर वाफसा आला असे समजावे, ही त्याची परीक्षा.

घोड्यांच्या शर्यतीत ज्याला ‘गोइंग’ म्हणतात, ती कल्पना याहून फारशी भिन्न नाही. ब्रिटनमध्ये हिरवळीच्या धावपट्टीसाठी अतिकठीण, कठीण, चांगली, मऊ, जड अशा अर्थाच्या श्रेणी आणि त्यांच्या दरम्यानच्या पायऱ्या रूढ आहेत. ‘चांगली’ ही श्रेणी म्हणजे जणू धावपट्टीचा वाफसाच. या सर्व श्रेणींमागे मातीचे दोन गुणधर्म आहेत. पहिला, वरून येणाऱ्या भाराला माती किती विरोध करते हा. दुसरा, आडव्या रेट्याला ती किती विरोध करते हा; यालाच कर्तनबल म्हणतात. टाप जमिनीवर आदळते तेव्हा पहिला गुण कामी येतो, आणि घोडा मागे रेटा देऊन स्वतःला पुढे ढकलतो तेव्हा दुसरा. चिकणमातीत पाण्याचे प्रमाण वाढले की दोन्ही गुण उणावतात. काळ्या जमिनीतील माँटमोरिलोनाइट वर्गाची खनिजे पाणी शोषून फुगतात व वाळताना आकुंचन पावतात, त्यामुळे अशा मातीत हा बदल विशेष तीव्र असतो. गवताच्या मुळ्यांचे जाळे मातीला काही अंशी बांधून ठेवते. म्हणूनच हिरवळ उखडलेला पट्टा आणि शाबूत पट्टा यांत एकाच दिवशी लक्षणीय फरक आढळतो.

मऊ जमिनीत टाप खोल रुतते, माती दाबण्यात व सरकविण्यात ऊर्जा खर्च होते आणि प्रत्येक झेपेला थोडा अधिक वेळ लागतो. हा ‘थोडा’ किती सूक्ष्म आहे, ते पाहण्यासारखे आहे. भरधाव घोड्याची एक झेप साधारण सहा ते सात मीटरांची असते. १२०० मीटरांत अशा सुमारे १८५ झेपा होतात. प्रत्येक झेपेला सेकंदाचा शंभरावा भागही अधिक लागला, तर शर्यतीची वेळ जवळजवळ दोन सेकंदांनी वाढते. शर्यतीच्या निकालात एका सेकंदात पाच ते सहा ‘लांबी’ धरण्याची प्रथा आहे; तेव्हा दोन सेकंद म्हणजे दहा-बारा घोड्यांच्या लांबीइतके अंतर झाले.

३. पुण्याचा हंगाम आणि पाऊस

पश्चिम भारतातील शर्यतींची व्यवस्था रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब पाहतो. मुंबईचे महालक्ष्मी रेसकोर्स १८८३ पासूनचे आहे. पुण्याचे लष्कर भागातील मैदान १८३० इतके जुने आहे. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्याचा बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. अशा जमिनीवर पावसाळ्यात शर्यती होणे शक्य नाही. म्हणून मुंबईचा हंगाम हिवाळ्याच्या तोंडाशी सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो आणि पावसाळ्यात घोडे घाट चढून पुण्यास येतात. ब्रिटिश अमदानीत मुंबईचा गव्हर्नरही पावसाळ्यात पुण्यास मुक्काम हलवीत असे. त्याचे गणेशखिंडीतील निवासस्थान ही आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. शर्यतींचा पुणे-हंगाम हा त्याच स्थलांतराच्या वहिवाटीशी जुळलेला असून तो सामान्यतः जुलै ते ऑक्टोबर असा असतो.

पुण्याचा वार्षिक पाऊस साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास आहे. इंदापूर-बारामती या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात तो आणखी घटून पाचशेच्या आसपास येतो. मुंबईच्या मानाने पुण्याचा पाऊस कमी असला तरी शर्यतीच्या दृष्टीने तो अधिक गुंतागुंतीचा आहे. जुलै-ऑगस्टमधील झिमझिम जमीन दिवसेंदिवस ओली ठेवते, पण एकाएकी चिखल करीत नाही. सप्टेंबरअखेरचा व ऑक्टोबरमधील वळवासारखा गडगडाटी पाऊस मात्र दुपारच्या दोन शर्यतींच्या दरम्यानही जमिनीचे रूप पालटू शकतो. एकाच हंगामात, कधी एकाच दिवसात, जमिनीच्या अनेक अवस्था पाहावयास मिळाव्यात, असे हे मैदान आहे. वेळेवरून जमीन ओळखण्याच्या पद्धतीची खरी कसोटी येथेच लागते.

४. प्रमाण वेळ व वाढावा

पद्धतीची मूळ कल्पना सोपी आहे. एखाद्या शर्यतीची नोंदलेली वेळ ‘व’ ही चार भागांची बेरीज आहे असे मानू:

व = प + क + ज + य

येथे ‘प’ ही त्या मैदानावर त्या अंतरासाठी ठरविलेली प्रमाण वेळ. ‘क’ हा घोड्यांच्या कुवतीमुळे पडणारा फरक. ‘ज’ हा जमिनीमुळे येणारा वाढावा. आणि ‘य’ हा यदृच्छ भाग, ज्यात वारा, सुरुवातीची चाल, वळणावरची गर्दी इत्यादी सर्व गोष्टी येतात. भारतात घोड्यांचे त्यांच्या गुणांकनानुसार पहिल्यापासून पाचव्यापर्यंत वर्ग पाडतात. वर्ग जितका वरचा तितकी अपेक्षित वेळ कमी. ‘प’ आणि ‘क’ यांची किंमत आधीच्या नोंदींवरून ठरविली, तर व − (प + क) या वजाबाकीत ‘ज’ आणि ‘य’ एवढेच उरतात. ‘य’ हा प्रत्येक शर्यतीत निराळा असतो, पण ‘ज’ हा त्या दिवशीच्या सर्व शर्यतींना समान असतो. म्हणून दिवसभरातील उरलेल्या फरकांचा मध्य काढला की ‘य’ परस्परांना पुष्कळसे छेदतात आणि ‘ज’ दिसू लागतो.

इंग्लंडमध्ये ही पद्धत व्यवस्थित रूपाला नेण्याचे श्रेय प्रामुख्याने फिल बुल यांच्याकडे जाते. लीड्स येथे गणिताचे शिक्षण घेतलेल्या या गृहस्थांनी १९४८ मध्ये ‘टाइमफॉर्म’ ही संस्था स्थापन केली. अमेरिकेत अँड्र्यू बेयर यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकाने हीच कल्पना सामान्य वाचकापर्यंत पोहोचविली. दोघांच्याही पद्धतीचा गाभा हाच की, एका शर्यतीवरून जमीन ओळखू नये. पूर्ण दिवसावरून ओळखावी.

५. एक उदाहरण

पद्धतीचे गुणदोष समजण्यासाठी एका कल्पित दिवसाचे आकडे घेऊ. तिसऱ्या स्तंभात वर्गाचा विचार करून ठरविलेली अपेक्षित वेळ (प + क) आहे. अंतरे भिन्न असल्याने अखेरच्या स्तंभात दर १००० मीटरमागचा वाढावा दिला आहे.

| शर्यत | अंतर (मीटर) | अपेक्षित वेळ (सेकंद) | नोंदलेली वेळ (सेकंद) | फरक | दर १००० मीटरमागे |
|---|---|---|---|---|---|
| १ | १००० | ६०.० | ६१.२ | १.२ | १.२० |
| २ | १२०० | ७२.० | ७३.३ | १.३ | १.०८ |
| ३ | १४०० | ८६.० | ८७.८ | १.८ | १.२९ |
| ४ | १६०० | ९९.० | १०२.७ | ३.७ | २.३१ |
| ५ | १२०० | ७१.४ | ७३.१ | १.७ | १.४२ |
| ६ | १४०० | ८५.२ | ८७.३ | २.१ | १.५० |
| ७ | २००० | १२७.० | १३०.४ | ३.४ | १.७० |

सातही शर्यती अपेक्षेहून संथ आहेत. अखेरच्या स्तंभाचा मध्य १.५० आहे; मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने मांडल्यास मधोमध येणारे मूल्य, १.४२ आहे. प्रमाण विचलन ०.४१ असल्याने मध्याची प्रमाण त्रुटी सुमारे ०.१५ येते. म्हणजे जमीन प्रमाणापेक्षा मऊ होती, हे विधान निःशंकपणे करता येते. वेळांवरून जमिनीचे अनुमान करण्याचे सामर्थ्य येथपर्यंत निर्विवाद आहे.

आता दुसरा प्रश्न. पहिल्या तीन शर्यतींचा मध्य १.१९ आहे आणि शेवटच्या तीन शर्यतींचा १.५४. यावरून दुपारी पाऊस येऊन जमीन अधिक मऊ झाली, असे म्हणावे काय? हा ०.३५ चा फरक १२०० मीटरांच्या शर्यतीत ०.४२ सेकंद, म्हणजे दोन-अडीच लांबी होतो. हँडिकॅप ठरविणाऱ्याला तो दुर्लक्षून चालणार नाही. पण ०.४१ हेच विचलन धरले तर या दोन मध्यांच्या फरकाची प्रमाण त्रुटी ०.३३ येते. फरक जेमतेम आपल्या त्रुटीएवढाच आहे. तेव्हा घड्याळाच्या साक्षीवरून काहीही ठरत नाही.

उलट, चौथी शर्यत विसंगत म्हणून गाळली, तर दोन्ही गटांतील अंतर्गत विचलन केवळ ०.१३ च्या आसपास उरते, फरकाची प्रमाण त्रुटी ०.१० होते आणि गुणोत्तर ३.४ येते. चार स्वातंत्र्यमात्रांसाठी पाच टक्के पातळीचे सीमामूल्य २.७८ असल्याने हा फरक आता सार्थ ठरतो! जी शर्यत दोहोंपैकी कोणत्याही गटात नाही, तिच्या राहण्या-जाण्यावर निष्कर्ष उलटतो, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावी. चौथ्या शर्यतीतील २.३१ हा आकडा यदृच्छ भागाचा नेहमीचा पसारा दाखवितो, की केवळ अपवाद आहे, यावर सारे अवलंबून आहे. आणि हे त्या सात आकड्यांत कोठेही लिहिलेले नाही.

ते लिहिलेले असते टप्प्यांच्या वेळांत. शर्यतीच्या आरंभी कोणताच जॉकी पुढे जाण्यास तयार नसला, तर सर्व घोडे रेंगाळत धावतात आणि अखेरच्या ४०० ते ६०० मीटरांत एकदम वेग घेतात. अशा शर्यतीची एकूण वेळ संथ असते, पण शेवटच्या टप्प्याची वेळ उलट चपळ असते. जमीन जड असल्यास मात्र शेवटचा टप्पाही संथच येतो. चौथ्या शर्यतीच्या शेवटच्या टप्प्याची वेळ चपळ आढळली, तर तिला गाळण्याचा अधिकार प्राप्त होतो. केवळ आकडा मोठा आहे एवढ्यावरून तो प्राप्त होत नाही. म्हणूनच टप्प्यांच्या वेळा उपलब्ध नसताना मध्याऐवजी मध्यक वापरणे अधिक सुरक्षित. मध्यकाची प्रमाण त्रुटी थोडी अधिक असते, परंतु एका रेंगाळलेल्या शर्यतीने तो ढळत नाही.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. शेवटच्या गटात २००० मीटरांची शर्यत आहे, आणि मऊ जमिनीचा परिणाम लांब अंतरात दर हजार मीटरमागेही अधिक पडू शकतो, कारण थकवा साचत जातो. म्हणून समान अंतरांची तुलना करून पाहावी. १२०० मीटरांत वाढावा १.०८ वरून १.४२ झाला, १४०० मीटरांत १.२९ वरून १.५०. दोन्ही जोड्या एकाच दिशेला जातात. पाऊस आल्याच्या शंकेला यामुळे बळ मिळते, पण दोन जोड्या म्हणजे सिद्धता नव्हे.

६. जमिनीसारखे दिसणारे, पण जमीन नसलेले

वाढाव्यात जमिनीखेरीज अन्य गोष्टीही लपून बसतात. त्यांपैकी सर्वांत फसवी गोष्ट तात्पुरत्या कठड्यांची. हिरवळीचा आतला पट्टा सततच्या वापराने उखडू नये म्हणून कठडा काही मीटर बाहेर सरकवितात. पुण्या-मुंबईच्या शर्यतपत्रिकांत ‘फॉल्स रेल’ अमुक मीटर बाहेर, अशी सूचना छापलेली असते. कठडा वळणावरही बाहेर सरकविला असेल, तर घोड्यांना अधिक अंतर धावावे लागते. किती, ते भूमितीवरून सहज काढता येते: वळणाचा कोन अंशांऐवजी रेडियनमध्ये घेऊन त्याला सरकविलेल्या अंतराने गुणावे. कठडा पाच मीटर बाहेर असेल आणि वळण अर्धवर्तुळाकार असेल, तर ३.१४ × ५ = १५.७ मीटर. सेकंदाला १६ मीटर या वेगाने हे अंतर कापण्यास ०.९८ सेकंद लागतो. १४०० मीटरांच्या शर्यतीत हा दर हजार मीटरमागे ०.७० चा वाढावा झाला. वरील उदाहरणातील एकूण वाढाव्याच्या तो निम्मा आहे! आरंभाची फाटके त्या मानाने पुढे घेतली नसतील, तर कोरड्या ठणठणीत जमिनीवरही घड्याळ ‘मऊ’ असेच सांगेल. सरळ मार्गावरच्या शर्यतीत मात्र हा दोष नसतो. म्हणून त्या दिवशी सरळ मार्गाच्या आणि वळणाच्या शर्यतींचा वाढावा वेगवेगळा काढून ताडून पाहावा.

जुन्या नोंदी वापरताना अशीच एक अडचण येते. पूर्वी अंतरे फर्लांगांत मोजीत. सहा फर्लांग म्हणजे १२०७ मीटर. ते १२०० मीटर समजून चालल्यास सात मीटरांची, म्हणजे सुमारे ०.४ सेकंदाची त्रुटी प्रमाण वेळेतच शिरते. त्याचप्रमाणे २८०० मीटरांसारख्या लांब अंतराच्या शर्यती हंगामात फारच थोड्या होतात. पुण्यात धावली जाणारी इंडियन सेंट लेजर ही त्याच अंतराची आहे. अशा अंतराची प्रमाण वेळ मोजक्या नोंदींवर उभी असल्याने तिच्यावर मोठा भार टाकता येत नाही.

७. मूळ अडचण: वर्तुळाकार युक्तिवाद

आतापर्यंत ‘प’ आणि ‘क’ यांची किंमत ज्ञात आहे असे गृहीत धरले. पण त्या किमती आल्या कोठून? आधीच्या शर्यतींच्या वेळांवरून; आणि त्या शर्यतीही कोणत्या तरी जमिनीवरच धावल्या गेल्या होत्या. पुण्याच्या पावसाळी हंगामातील वेळांची सरासरी घेऊन प्रमाण वेळ ठरविली, तर ती प्रमाण वेळच ओल्या जमिनीची असते. सर्व दिवसांच्या ‘ज’मधून एक सेकंद वजा करून तोच ‘प’मध्ये मिळविला, तरी एकाही नोंदलेल्या वेळेत फरक पडत नाही. याचा अर्थ असा की, वेळांवरून दोन दिवसांच्या जमिनींतील अंतर कळते. जमिनीची निरपेक्ष स्थिती कळत नाही. शून्य कोठे मानावयाचे, हे बाहेरून ठरवावे लागते.

दोन दिवसांतील अंतर तरी केव्हा कळते? दोन्ही दिवशी धावलेले काही घोडे समान असतील तेव्हाच. राजचंद्र बोस यांनी खंड-रचनांच्या संदर्भात मांडलेली संलग्नतेची कल्पना येथे तंतोतंत लागू पडते. दिवस हे खंड आणि घोडे हे उपचार मानले, तर एका दिवसाकडून दुसऱ्या दिवसाकडे सामाईक घोड्यांच्या साखळीने जाता आले पाहिजे. साखळी तुटली की तुलनाही तुटते. पश्चिम भारतात तेच घोडे पावसाळ्यात पुण्यास व हिवाळ्यात मुंबईस धावत असल्याने ही साखळी सुदैवाने अखंड असते.

पण साखळीतील घोडा स्वतःच बदलत असेल तर? पुण्याच्या हंगामाचे हेच वैशिष्ट्य आहे. तीन वर्षे वयाचा घोडा जुलै ते ऑक्टोबर या काळात वाढतो, बळावतो आणि त्याची वेळ सुधारते. याच काळात पावसाळा ओसरून जमीन वाळत जाते आणि तिच्यामुळेही वेळ सुधारते. दोन्ही कारणे पंचांगाबरोबर एकाच दिशेने चालतात. केवळ तीन वर्षांच्या घोड्यांच्या वेळा पाहिल्या, तर त्यांची प्रगती आणि जमिनीचे वाळणे यांची विभागणी कितीही नोंदी जमविल्या तरी करता येणार नाही. येथे नोंदींची संख्या वाढवून उपयोग नाही; वेगळ्या जातीची नोंद हवी. पाच-सहा वर्षांच्या, पूर्ण वाढ झालेल्या घोड्यांच्या वेळा हा एक मार्ग. ते फारसे सुधारत नाहीत. म्हणून त्यांच्या वेळांतील उतार बव्हंशी जमिनीचा मानता येतो, आणि तो वजा केल्यावर तरुण घोड्यांची खरी प्रगती उरते. दुसरा मार्ग म्हणजे जमीन थेट मोजणे.

८. घड्याळाबाहेरची साक्ष

जमिनीच्या थेट मोजमापासाठी पेनेट्रोमीटर हे साधन रूढ आहे. आपल्याकडेही शर्यतीच्या दिवशी त्याचा आकडा जाहीर केला जातो. फ्रान्समध्ये प्रचलित असलेल्या या साधनात एक चौरस सेंटिमीटर छेदाच्या सळईवर एक किलोग्रॅमचे वजन एक मीटर उंचीवरून तीनदा टाकतात व सळई किती सेंटिमीटर रुतली ते मोजतात. आकडा लहान तितकी जमीन कठीण. पाचाच्या पुढे गेला की ती जड समजतात. साधन सोपे आहे, पण ते केवळ उभा विरोध मोजते. आडव्या रेट्याचा विचार त्यात नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी ब्रिटनमध्ये या शतकाच्या आरंभी ‘गोइंगस्टिक’ नावाचे साधन प्रचारात आले. त्याची पट्टी जमिनीत खुपसून मग तिरपी ओढतात आणि दोन्ही विरोधांवरून एकच आकडा मिळतो.

शेतकऱ्याची मुठीतली माती आणि ही साधने एकाच जातीची आहेत. दोन्ही जमिनीलाच विचारतात, घोड्याला नव्हे. त्यांची मर्यादाही सारखीच. वाफसा एका वाफ्यात असतो, शेजारच्या सखल वाफ्यात नसतो. तसेच धावपट्टीवर ज्या मोजक्या बिंदूंवर मोजमाप झाले, तेवढ्यांचेच ते खरे, आणि ज्या वेळी झाले त्या वेळेपुरतेच. सकाळी घेतलेला आकडा दुपारच्या सरीविषयी काही सांगत नाही. घड्याळाची साक्ष याच्या उलट आहे. ती संपूर्ण धावपट्टीची आणि नेमक्या त्या क्षणाची असते, पण तिच्यात घोडा मिसळलेला असतो. दोन्ही साक्षींचे दोष परस्परांहून स्वतंत्र आहेत. म्हणूनच त्या एकत्र घेण्यात खरा लाभ आहे. वरील उदाहरणात दुपारच्या पावसाची एक नोंद किंवा पाचव्या शर्यतीपूर्वी पुन्हा घेतलेला पेनेट्रोमीटरचा एक आकडा हाती असता, तर सात वेळांनी जे ठरले नाही ते ठरले असते.

९. जेथे घड्याळच निकाल देते

घोड्यांच्या शर्यतीत जमीन कशीही असली तरी ती सर्व स्पर्धकांना एकाच वेळी सारखीच लाभते. जमिनीच्या अनुमानातील चूक मूल्यमापनात शिरते, निकालात शिरत नाही. पुणे जिल्ह्यातच एक अशी शर्यत आहे, जेथे ती निकालातही शिरू शकते. खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ या उत्तरेकडील तालुक्यांत बैलगाडे घाटावर एकामागून एक सोडतात आणि प्रत्येक गाड्याची वेळ सेकंदांत मोजून क्रम लावतात. इंदापूर-बारामती, सातारा, सांगलीकडे मात्र अनेक गाड्या शेजारी शेजारी एकदम धावतात व गट, उपांत्य आणि अंतिम अशा फेऱ्या होतात. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बंद केलेल्या या शर्यती डिसेंबर २०२१ मधील अंतरिम आदेशाने पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरविला.

घाटावरील पद्धतीत सकाळचा पहिला गाडा आणि दुपारचा शेवटचा गाडा यांची तुलना घड्याळावरच होते. दरम्यान चाकांनी व खुरांनी माती भुसभुशीत केलेली असते, उन्हाने ती वाळलेली असते किंवा सरीने भिजलेली असते. सेकंदाच्या शंभराव्या भागांनी क्रम ठरत असेल, तर जमिनीतील बदल विजेता बदलू शकतो. यावर उपाय दोन: क्रम चिठ्ठ्यांनी ठरवावा, म्हणजे जमिनीचा लाभ-तोटा निदान पक्षपाताने वाटला जाणार नाही, आणि नोंदलेल्या वेळा क्रमाने मांडून त्यांत चढ किंवा उतार दिसतो का, हे पाहावे. गाडे पुष्कळ असल्याने ही तपासणी सात शर्यतींच्या दिवसापेक्षा कितीतरी अधिक समर्थ ठरेल. क्रम चिठ्ठ्यांनी ठरलेला असल्यास त्या चढ-उतारात बैलांच्या कुवतीचा संबंध उरत नाही, हा आणखी एक लाभ. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी हा विषय सुचवावासा वाटतो.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनाचा सारांश असा:

(१) दिवसभराच्या शर्यतींच्या वेळांवरून जमीन प्रमाणापेक्षा मऊ की कठीण, हे बऱ्याच विश्वासाने सांगता येते. एका शर्यतीवरून ते सांगू नये.

(२) दिवसाच्या पोटात जमीन बदलली काय, हे सात-आठ वेळांवरून क्वचितच ठरते. ते ठरल्यासारखे वाटले, तर कोणते निरीक्षण गाळले आहे आणि ते कोणत्या आधारावर, हे प्रथम पाहावे.

(३) कठड्यांचे स्थान, टप्प्यांच्या वेळा आणि पाऊस यांची नोंद वेळेइतक्याच काटेकोरपणे ठेवणे आवश्यक आहे. यांवाचून वाढाव्याला ‘जमीन’ हे नाव देणे उतावीळपणाचे ठरेल.

(४) जमिनीची निरपेक्ष स्थिती व वाढत्या घोड्यांची प्रगती या दोन गोष्टी केवळ वेळांवरून कधीच वेगळ्या होत नाहीत. त्यासाठी थेट मोजमाप किंवा न बदलणाऱ्या घोड्यांचा आधार घ्यावाच लागतो.

घड्याळ जमीन मोजीत नाही. ते जमीन आणि घोडा यांची बेरीज मोजते. बेरजेवरून एक संख्या काढावयाची, तर दुसरी अन्य मार्गाने ठाऊक असली पाहिजे. पुण्याच्या पावसाळी हंगामाच्या वेळा वाचताना हा साधा नियम दृष्टीआड होऊ देऊ नये.